परंड्याचा उजेड

गिरिदुर्गाचा फोटो काढणं तसं सोपं असतं. समोरच्या डोंगरावर जाऊन उभं राहिलं की राजगड किंवा तोरणा आपण होऊन चौकटीत बसतो. माची, बालेकिल्ला, मधली खिंड, सगळं एका नजरेत. परंड्याच्या भुईकोटाचं तसं नाही. धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सपाट माळावरच्या या गावात बार्शीकडून एसटीने शिरलं, तरी अगदी जवळ जाईपर्यंत किल्ला नीट दिसत नाही. दिसतो तेव्हा एकदम भिंत म्हणूनच दिसतो. मोबाइल आडवा धरला की वर आभाळ, मधे काळ्या दगडाची पट्टी, खाली खंदकातलं गवत. घरी येऊन तो फोटो कुणाला दाखवला तर हा परंडा की सोलापूर, हे त्याला ओळखता येणार नाही.

याचा दोष फोटो काढणाऱ्याला देऊ नये. किल्ला तसाच बांधलेला आहे. डोंगराची उंची नाही, तेव्हा भुईकोटाला दडण्याखेरीज इलाज नव्हता. भोवती रुंद खंदक, दुहेरी तट, तटातून पुढे आलेले सव्वीस बुरूज आणि वळणं घेत आत नेणारी दरवाजांची वाट. त्या काळच्या तोफेला मारा करायचा तर समोरचं लक्ष्य सरळ रेषेत दिसावं लागे, आणि ती रेषाच मिळू द्यायची नाही हा बांधणाऱ्याचा हेतू. कॅमेराही सरळ रेषेतच पाहतो. दरवाजातून थेट आतलं काही दिसू नये म्हणून घातलेलं वळण छायाचित्रकारालाही आडवं येतं, आणि खंदकामुळे भिंतीपासून जितकं लांब राहावं लागतं, तितकं तपशील टिपायला फार होतं.

किल्ल्याच्या बांधणीचं श्रेय बहमनी वजीर महमूद गवान याला दिलं जातं, म्हणजे काळ पंधराव्या शतकाचा. 1600 साली अहमदनगर मोगलांच्या हाती गेलं, तेव्हा मलिक अंबरने मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवून काही काळ राजधानी परंड्यालाच ठेवली. पुढे 1634 मध्ये शाहजहानचा मुलगा शाह शुजा आणि सेनापती महाबतखान यांनी किल्ल्याला वेढा घातला. आसपास वैरण नाही, सरपण नाही, ते कोसच्या कोस लांबून आणावं लागायचं, त्यात सरदारांची आपसात भांडणं. अखेर वेढा उठवून फौज परतली. 1660 मध्ये किल्ला मोगलांना मिळाला तो लढून नव्हे, किल्लेदार फोडून. अशी जागा एका दुपारी येऊन कॅमेऱ्यात पकडू म्हणणाऱ्यालाही फारसं काही देत नाही. तिला वेळच द्यावा लागतो. हौशी माणसाची खरी पुंजी हीच आहे, असं माझं मत आहे. धंदेवाईक छायाचित्रकाराला गाडीभाडं, मुक्काम, गिऱ्हाइकाची घाई असते. परंड्यात किंवा बार्शीत राहणाऱ्या शिक्षकाला, दुकानदाराला, कॉलेजच्या पोराला तोच बुरूज वर्षभर फुकट पाहता येतो.

आपल्याकडे फोटोग्राफी रुजली तीही हौसेतूनच. मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिच्या पहिल्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजीही. दोघेही पेशाने डॉक्टर. त्या काळी काचेला रसायन लावायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात नेऊन धुवायची असा खटाटोप असे. दवाखाना सांभाळून हे करायचं म्हणजे चिकाटीच पाहिजे. परंडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, सप्टेंबर 1948 पर्यंत राहिला, आणि त्या राज्याचा सर्वांत नामांकित छायाचित्रकारही मुळात हौशीच. लाला दीनदयाळ रुडकीला शिकले, इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढायची नोकरी करू लागले आणि 1874 च्या सुमारास छंद म्हणून कॅमेरा हातात घेतला. त्यातून पुढे नोकरी सुटली, सिकंदराबादला स्टुडिओ निघाला आणि 1894 मध्ये सहाव्या निजामाने त्यांना राजा ही पदवी दिली. सगळ्यांच्या हौसेला असं फळ येत नाही, यायला पाहिजे असंही नाही.

सामान्य माणसाच्या हातात कॅमेरा आला तो कोडॅकमुळे. 1888 च्या त्यांच्या कॅमेऱ्यात शंभर फोटोंचा रोळ भरलेला यायचा. रोळ संपला की अख्खा कॅमेराच कारखान्याला परत पाठवायचा, ते फोटो धुऊन, नवा रोळ भरून परत देत. 1900 मध्ये एका डॉलरला ब्राउनी निघाला. आपल्याकडे मागच्या पिढीचा कॅमेरा म्हणजे बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री. त्यात एकशेवीसचा रोळ बसायचा, चौकोनी बारा फोटो निघायचे. फोकस करायची सोय नव्हती, ऊन की ढग एवढंच ठरवायचं. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा इंदू रोळही त्याच काळातला. बारापैकी एक फोटो हुकला तरी जीव हळहळायचा. त्यामुळे सहलीला निघताना कुठे कुठे फोटो घ्यायचा, हे घरीच ठरत असे. 1975 मध्ये कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्यातला एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागत. आता खिशातला फोन डोळ्याचं पातं लवायच्या आत आठ-दहा फोटो घेऊन त्यांचा एक करतो. रोळाचा खर्च गेला तशी फोटोआधी थांबून पाहण्याची सवयही गेली, आणि हौशी माणसाला ती आता मुद्दाम लावून घ्यावी लागते.

थांबून पाहायचं ते मुख्यतः ऊन. आणि परंड्याचं ऊन पुस्तकातल्या उन्हापेक्षा वेगळं आहे. फोटोग्राफीची बहुतेक पुस्तकं युरोप-अमेरिकेत लिहिली गेली. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा तासभर उजेड पिवळसर, मऊ आणि तिरपा असतो, त्याला ती सोनेरी तास म्हणतात. हा तास लंडनला खरंच लांबतो, कारण तिथे सूर्य क्षितिजाकडे तिरका घसरत जातो. परंडा साधारण सव्वाअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे सूर्य जवळजवळ उभा खाली उतरतो. मार्चच्या किंवा सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या सुमारास क्षितिजापासून सहा अंश उंचीवरचा सूर्य इथे पंचवीस मिनिटांत बुडतो. लंडनला त्याच दिवसांत त्याला चाळीसेक मिनिटं लागतात. जून-डिसेंबरमध्ये इथे दोन-तीन मिनिटं जास्त मिळतात, एवढंच. म्हणजे परंड्याचा सोनेरी तास अर्ध्या तासाचाही नाही. चहा घेऊन निघू म्हणणाऱ्याच्या हाती काळोखच लागतो. कुठे उभं राहायचं, काय चौकटीत घ्यायचं, हे आदल्या दिवशीच ठरलेलं हवं.

सूर्य रोज बरोबर पूर्वेलाही उगवत नाही. परंड्यात जूनअखेरीला तो पूर्वेच्या उत्तरेला पंचवीस अंश सरकलेला असतो आणि डिसेंबरच्या शेवटी तेवढाच दक्षिणेला. वर्षभरात उगवण्याची जागा पन्नास अंशांच्या पट्ट्यात फिरते. पन्नास अंश म्हणजे किती? हात सरळ पुढे धरून अंगठा आणि करंगळी ताणली तर मधलं अंतर साधारण वीस अंश भरतं. अशा अडीच विती. त्यामुळे बुरुजाची एखादी कड डिसेंबरात सकाळी झगझगीत असते आणि जूनमध्ये तिच्यावर सावली असते, किंवा याच्या उलट. उत्तरेकडच्या भिंतीला तर फक्त मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंतच ऊन मिळतं. किल्ला तोच, जागा तीच, फोटो मात्र निराळा. एका सहलीत येऊन गेलेल्या पाहुण्याला हे कळायला मार्गच नाही.

दुपारची गोष्ट आणखी मजेची. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे परंड्यात वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, 13 मे आणि 30 जुलै या तारखांच्या आसपास. जुलैच्या अखेरीला बहुधा आभाळ भरलेलं असतं. मेमध्ये मात्र साडेबाराच्या थोडं आधी उभी काठी रोवली तर तिची सावली नाहीशी होते. घड्याळात बारा वाजता हे होत नाही, कारण आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आणि परंडा त्याच्या पश्चिमेला. सूर्य इथे माथ्यावर यायला सुमारे अर्धा तास उशीर होतो. फोटोच्या दृष्टीने ती वेळ वाईटच. माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत काळोख, नाकाखाली काळा डाग, भिंत सपाट. पण याच वेळी उभ्या भिंतीवरून ऊन अगदी चाटून खाली येतं. भिंतीचा चिरा, त्यावरचा छिन्नीचा घाव, मधली दर्ज, सगळ्यांची सावली काही मिनिटं लांबलचक पडते. संपूर्ण किल्ल्याचा नाही, पण दगडकामाचा फोटो घ्यायला इतका चांगला उजेड दुसरा नाही. डिसेंबरात याच वेळेला सूर्य 48 अंशांवर असतो, साडेपाच फुटी माणसाची सावली पाच फुटांच्या जवळपास पडते, आणि भरदुपारीही चेहऱ्याचे फोटो बरे येतात. हिवाळ्यात सहली काढतात ते ऊन सोसवतं म्हणून. फोटोही त्याच कारणाने चांगले येतात.

चाटून जाणाऱ्या उजेडाची हीच युक्ती शिलालेख आणि वीरगळांना लागू पडते. या भागात देवळाच्या पारावर, वेशीत, कधी शेताच्या बांधावर शेंदूर माखलेले वीरगळ उभे असतात. समोरून फ्लॅश मारला तर दगड पांढरा होतो आणि आकृती पुसट. त्याऐवजी संध्याकाळी जावं, एकाने फोनची बॅटरी दगडाच्या अगदी कडेने धरावी, दुसऱ्याने समोरून फोटो घ्यावा. ढाल, तलवार, वरच्या थरातली पूजा, एकेक उठून दिसतं. बॅटरी चारही बाजूंनी फिरवून चार फोटो घेतले तर एका बाजूने न दिसलेलं अक्षर दुसऱ्या बाजूने दिसतं. अक्षरं ठळक व्हावीत म्हणून खडू चोळणं, तेल किंवा पाणी ओतणं अजून चालतं. दगडाचं त्याने नुकसान होतं आणि उजेड असताना त्याची गरजही नाही.

आता काळ्या दगडाकडे येऊ, कारण महाराष्ट्रातल्या किल्ल्यांचे निम्मे फोटो इथे बिघडतात. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक फार भोळा आहे. समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम करडं असणार, म्हणजे अठरा टक्क्यांच्या आसपास उजेड परत फेकणारं, असं तो धरून चालतो. बेसॉल्ट त्याहून पुष्कळ कमी उजेड परत देतो. सगळी चौकट काळ्या भिंतीने भरली की मापकाला वाटतं उजेडच कमी आहे. तो जास्त प्रकाश आत घेतो, भिंत राखाडी होते आणि वरचं आभाळ कागदासारखं कोरं. पांढरं धोतर-टोपी घातलेल्या वारकऱ्यांच्या घोळक्यात बरोबर उलटं होतं, पांढरं मळकं दिसतं. उपाय सोपा. काळ्या भिंतीसमोर फोनच्या पडद्यावर बोट ठेवून उजेडाची पट्टी थोडी खाली ओढायची, वारीत थोडी वर. काळं काळं राहावं आणि पांढरं पांढरं, हे ठरवायचं काम आपलं आहे, ते यंत्रावर सोडू नये.

किल्ल्यातल्या मशिदीत गेलं की अडचण बदलते. जुन्या देवळाच्या धाटणीचे दगडी खांब, आत थंड अंधार, आणि कमानीबाहेर रखरखीत ऊन. उघड्यावर भर उन्हात लाखभर लक्स उजेड असतो, आत कोपऱ्यात पन्नासही नसतो. दोन हजार पटींचा फरक. आपला डोळा खांबाकडे पाहताना बाहुली मोठी करतो, कमानीकडे पाहताना लहान, आणि मेंदू दोन्ही चित्रं बिनबोभाट जोडतो, म्हणून आपल्याला फरक एवढा जाणवत नाही. कॅमेऱ्याला एका क्षणात एकच माप घ्यावं लागतं. खांब धरला तर कमान जळते, कमान धरली तर खांब बुडतो. नवे फोन कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो घेऊन त्यांची गोळाबेरीज करतात. परिणाम पुष्कळदा असा होतो की आतलं-बाहेरचं सगळं सारखंच उजळ दिसतं आणि तिथला गारवा नाहीसा होतो. मला स्वतःला अशा ठिकाणी अंधार अंधारच राहू दिलेला आवडतो. कमानीतून फरशीवर पडलेली उन्हाची पट्टी आणि तिच्या कडेने उजळलेले दोन खांब, एवढं पुरेसं असतं. बाकीचे खांब आहेत हे पाहणाऱ्याला समजतं.

पावसाळ्यानंतर खंदकात पाणी साचतं तेव्हा आणखी एक खेळ करता येतो. पाण्यावरून परावर्तित झालेला उजेड एका विशिष्ट कोनात जवळजवळ पूर्णपणे एकाच दिशेने कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित असतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण 37 अंशांनी खाली पाहिलं तर हा परिणाम सर्वांत जास्त. पोलरायझर नावाची फिरती काच भिंगापुढे लावून फिरवली की या कोनात पाण्यावरची चकाकी जाते आणि तळाचं शेवाळ, गवत दिसू लागतं. पुन्हा फिरवली की बुरुजाचं प्रतिबिंब परत येतं. पोलरायझर नसेल तर उन्हाचे ध्रुवित चष्मे भिंगापुढे धरूनही हे पाहता येतं.

एवढं सगळं करूनही पूर्ण भुईकोट एका फोटोत येत नाही तो नाहीच. त्याचा आकार कळतो फक्त वरून. उद्धव ठाकरे यांनी हेलिकॉप्टरमधून काढलेल्या किल्ल्यांच्या फोटोंचं ‘महाराष्ट्र देशा’ हे पुस्तक 2010 मध्ये आलं, तेव्हा किल्ले वरून कसे दिसतात हे अनेकांनी पहिल्यांदा पाहिलं. आज ड्रोनमुळे ते कुणालाही जमतं, पण मन मानेल तिथे उडवता येत नाही. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पुष्कळ सवलती आहेत, तरी आधी सरकारी नकाशावर त्या जागेचा रंग पाहावा आणि जुन्या वास्तूवर उडवायचं तर संबंधित खात्याला विचारावं. ज्याच्याकडे ड्रोन नाही त्याने फोनवर उपग्रहाचा नकाशा उघडावा. बुरुजांची माळ, खंदकाची वळणं, दरवाजाची दिशा घरबसल्या दिसते, आणि कोणत्या महिन्यात कोणत्या कडेला ऊन लागेल हेही त्यावरून काढता येतं.

माझ्या मते मात्र हौशी माणसाने वरून पाहण्यापेक्षा पुन्हा पुन्हा पाहण्यावर भर द्यावा. याचा आपल्याकडचा उत्तम दाखला दादासाहेब फाळके यांचा. फाळके मुळात छायाचित्रकार. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, गोध्र्याला स्टुडिओ टाकलेले, काही काळ पुरातत्त्व खात्यात काम केलेले. 1912 मध्ये सिनेमासाठी कुणी पैसे देईना, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर पक्का बसवला आणि रोज ठरावीक चित्रं घेत राहिले. कॅमेरा हलवला नाही, कुंडीही नाही. महिन्याभराने ती चित्रं सलग पडद्यावर दाखवली तर वाटाणा डोळ्यांदेखत उगवत, वर चढत गेला. ‘अंकुराची वाढ’ पाहून भांडवल देणारा पटला. त्यात नजरेत भरावं असं एकही चित्र नव्हतं. सगळी किंमत क्रमात होती.

परंड्यात हे सहज करता येईल. तटावरची एक जागा ठरवायची, दगडावर खूण करायची नाही पण कोणत्या चिऱ्याशेजारी, किती उंचीवर फोन धरला हे वहीत लिहायचं, आणि दर महिन्याला तोच फोटो घ्यायचा. जुलैत हिरवी झालेली तटबंदी, नोव्हेंबरात पिवळं गवत, एप्रिलमध्ये उघडा दगड. चार-पाच वर्षांनी त्यातून आणखी काही दिसायला लागतं. तटाच्या फटीतला पिंपळ किती वाढला, कोणता चिरा निसटला, कोणती भिंत पुढे झुकली. दुरुस्तीचं काम करणाऱ्याला तारीख असलेला असा फोटो हजार सुंदर सूर्यास्तांपेक्षा उपयोगी. जिल्ह्यातली धाराशिव लेणी जेम्स बर्जेसने 1870 च्या दशकात पाहून नोंदवली, 1878 मध्ये त्याचा अहवाल छापून आला. तेव्हाची आणि आताची स्थिती ताडून पाहता येते ती या नोंदीमुळे.

दौरे काढायला परंड्याचा परिसर गरीब नाही. सीनाकाठचं डोमगाव, जिथे रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ, सोनारीचा काळभैरवनाथ आणि तिथली माकडं, जी भक्तांच्या हातातला प्रसाद आणि छायाचित्रकाराची टोपी यांत फरक करत नाहीत, सीना-कोळेगावचा जलाशय. जरा लांब गेलं तर उजनीच्या पाणथळावर थंडी-उन्हाळ्यात येणारे रोहित, नान्नजची काळवीटं, नळदुर्गचा पाणीमहाल. पक्ष्यांसाठी लांब पल्ल्याचं भिंग लागतं आणि ते महाग असतं, त्यामुळे या नादाला लागण्याआधी घरच्यांशी बोलून घ्यावं.

पण कॅमेरा रोज वापरायचा असेल तर माणसांचेच फोटो काढावे लागतात. आठवडी बाजारात ज्वारीची पोती, शेंगांचा ढीग, चप्पल शिवणारे मामा, पाल ठोकून बसलेली बांगडीवाली. इथे भिंगाचं एक गणित कामाला येतं. फोनचं मुख्य भिंग रुंद पाहणारं असतं. चेहरा चौकटभर यावा म्हणून आपण हातभर अंतरावर जातो, आणि नाक मोठं, कान मागे गेलेले असा चेहरा येतो. लोक भिंगाला नावं ठेवतात, कारण मात्र अंतर आहे. हातभरावरून नाक कानापेक्षा बरंच जवळ असतं. सहा फुटांवरून तो फरक नगण्य होतो. म्हणून दोन पावलं मागे सरकावं आणि दुप्पट झूम लावून फोटो घ्यावा. मामांचा चेहरा मामांसारखा येतो, आणि आपण त्यांच्या अंगावर गेलोय असंही त्यांना वाटत नाही.

विचारल्याशिवाय फोटो काढू नये, हे शहरी शिष्टाचाराचं कलम नव्हे. बाजारात ते साधं माणुसकीचं आहे. विचारलं की बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. “काढा की, आमचा बी काढा एक फोटू,” म्हणतात आणि लगेच सदऱ्याची गुंडी लावून ताठ उभे राहतात. हे ताठ उभं राहणं नैसर्गिक नाही म्हणून नव्या छायाचित्रकारांना खटकतं. मला ते खटकत नाही. फोटो काढणं म्हणजे स्टुडिओत जाऊन पडद्यासमोर उभं राहणं, असं ज्यांनी पाहिलं त्यांची ती फोटोची रीत आहे. तसा एक घ्यावा, मग गप्पा मारत दुसरा घ्यावा. आणि पुढच्या बाजाराला छापील प्रत नेऊन द्यावी. “फोटू कुठाय आमचा?” हा प्रश्न ज्याला विचारला जात नाही, त्याला त्या बाजारात पुढे कुणी अडवत नाही. छापायला खर्च किरकोळ येतो.

छापण्याचा दुसरा फायदा टिकण्याचा. आजी-आजोबांचे कृष्णधवल फोटो नीट ठेवले असतील तर अजून स्पष्ट आहेत, कारण त्यातली प्रतिमा चांदीच्या कणांची आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो मात्र तांबूस होत चालले. त्यातले रंग सेंद्रिय रंगद्रव्यांचे, आणि तिन्ही रंग सारख्या वेगाने उडत नाहीत. अशा जुन्या अल्बमची नक्कल फोनवर करून ठेवता येते. खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या जागी फोटो सपाट ठेवायचा, फ्लॅश बंद, फोन बरोबर वरून समांतर धरायचा. नंतर नाव, गाव, अंदाजे साल लिहायचं. आपल्या नव्या फोटोंत तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते, पण व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला की ती नोंद गळून पडते आणि चित्रही दाबून लहान होतं. मूळ फाइल म्हणून पाठवावी, किंवा निदान स्वतःकडे दोन ठिकाणी जपावी.

परंड्याच्या हौशी छायाचित्रकाराला एक दौरा मात्र कर्नाटकात करावा लागतो, कारण परंड्याची सर्वांत मोठी वस्तू परंड्यात नाही. मलिक-ए-मैदान ही तोफ 1549 मध्ये अहमदनगरला मुहंमद बिन हुसेन रूमी याने ओतली. वजन 55 टनांच्या घरात, लांबी साडेचार मीटरला थोडी कमी, तोंड हत्तीला गिळणाऱ्या सिंहाचं. परंड्याच्या किल्ल्यावर असलेली ही तोफ 1632 मध्ये आदिलशाही सैन्याने विजापूरला नेली; दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसं लागली, असं सांगतात. आज ती तिथे शेर्झी बुरुजावर आहे. 1854 मध्ये इंग्रजांनी ती भंगार म्हणून लिलावात काढली होती, बोली दीडशे रुपयांपर्यंत गेली, मग लिलाव रद्द झाला. तिचा फोटो घ्यायचा तर पोलरायझरचा भरवसा धरू नये, कारण उघड्या धातूवरून परत येणारा उजेड पाण्यासारखा ध्रुवित होत नाही आणि ओतीव नळीवर आभाळ चमकतच राहतं. ढगाळ सकाळ बरी. तोंडाशी माणूस उभा करावा म्हणजे आकार कळतो, पण आधी रिकाम्या तोफेचा एक घ्यावा. दहा वाजले की शाळांच्या सहली येतात आणि सिंहाच्या जबड्यात हात घालून उभं राहायला रांग लागते.